वागळे टिकले, साराभाई का अडखळले? जुन्या विनोदी मालिकांच्या पुनरागमनाविषयी

उत्तररंग

हॅट्स ऑफ प्रॉडक्शन्स या एकाच निर्मितीसंस्थेने दोन गाजलेल्या विनोदी मालिका चार वर्षांच्या अंतराने परत आणल्या आणि प्रेक्षकांनी दोघींचे स्वागत अगदी वेगवेगळ्या तऱ्हेने केले. मे २०१७ मध्ये ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’चे दुसरे पर्व हॉटस्टारवर आले. मूळ मालिकेतील उच्चभ्रू माया, तिचा नवरा इंद्रवदन, मुलगे साहिल व रोसेश आणि साहिलची बायको मोनिशा ही पाचही माणसे त्याच कलाकारांसह हजर होती, लेखणी आतिश कपाडिया यांचीच होती, आणि तरीही दहा भागांनंतर बहुतेक चाहत्यांच्या तोंडी एकच वाक्य होते की जुने भाग पुन्हा पाहिले तर जास्त बरे. त्यानंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये सोनी सब वाहिनीवर ‘वागले की दुनिया’ नव्या पिढीच्या नावाने सुरू झाली. तिच्याबद्दलही सुरुवातीला भुवया उंचावल्या होत्या, पण तिने हजारांहून अधिक भागांचा पल्ला गाठला. गंमत म्हणजे पहिलीतला साहिल आणि दुसरीतला वागळ्यांचा मुलगा राजेश या दोन्ही भूमिकांत सुमीत राघवन आहेत, त्यामुळे यशापयशाचे खापर किंवा श्रेय नटावर टाकण्याची सोयही आपल्याला नाही.

माझे म्हणणे असे आहे की पुनरागमनाचा निकाल मधल्या वर्षांचा हिशेब लेखक कसा देतो यावर लागतो. १९८८ साली दूरदर्शनवर आलेले वागळे हे आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून उतरलेले नोकरदार गृहस्थ होते. कुंदन शाह यांचे दिग्दर्शन, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांची जोडी, आणि निर्मिती दुर्गा खोटे यांच्या संस्थेची. २०२१ मध्ये अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर परत आले ते म्हातारे आईवडील म्हणून. घराचा कर्ता आता त्यांचा मुलगा राजेश, त्याची बायको वंदना, आणि सखी व अथर्व ही नातवंडे. म्हणजे मधली तीस-बत्तीस वर्षे या कुटुंबाच्या अंगावरून खरोखरच गेली होती. श्रीनिवास वागळ्यांना पुन्हा चाळिशीतला कारकून होण्याची सक्ती कोणी केली नाही.

साराभाईंच्या घरी मात्र साहिल-मोनिशाचा मुलगा गुड्डू तेवढा वाढला होता. माया, इंद्रवदन आणि रोसेश २००६ मध्ये जिथे उभे होते तिथेच उभे होते, आणि आपण बदललो नाही हे पटवण्यासाठी प्रत्येक जण आपली जुनी लकब थोड्या चढ्या आवाजात करून दाखवत होता. रोसेशच्या कविता पूर्वी प्रसंगात अवचित येत असत. दुसऱ्या पर्वात प्रसंग कवितांसाठी रचल्यासारखे वाटले.

याहून मोठी अडचण मला वेगळीच वाटते. २००४ साली मोनिशाचे घासाघीस करणे, फुकटच्या भेटवस्तूंसाठी खरेदी करणे, एकावर एक मोफत मिळाल्याचा तिचा तो निरागस आनंद हे सारे मायाच्या दृष्टीने मध्यमवर्गीयपणाचे पुरावे होते. २०१७ पर्यंत सवलतीची कूपने शोधण्याचे काम मोबाइलने सर्व थरांत पोहोचवले होते, कफ परेडमध्येसुद्धा. ज्या सामाजिक दरीवर सासू-सुनेचे सगळे युद्ध उभे होते ती दरी सरकली होती आणि संवाद मात्र जुन्याच जागेवर उभे राहून बोलत होते.

इतरांची मते वाचायला आवडतील. ‘जुने ते सोने’ एवढ्यावर थांबू नये, ही विनंती.

जुना प्रेक्षक

धागा चांगला आहे, परंतु वागळ्यांना आपण फार सहज उत्तीर्ण केले आहे. ‘टिकले’ आणि ‘जमले’ यांत फरक असतो.

मूळ ‘वागले’मध्ये काही शिकवले जात नसे. कुंदन शाह हे ‘जाने भी दो यारों’चे दिग्दर्शक, त्यांना सामान्य माणसाची फजिती फजितीच राहू द्यायची हिंमत होती. वागळे साध्या साध्या गोष्टींत अडकत, भिडेपोटी नको ते कबूल करून बसत, आणि भाग संपताना अनेकदा त्यांची परिस्थिती सुरुवातीपेक्षा फारशी सुधारलेली नसे. आपल्या घरी तेच घडत असल्यामुळे ते हसू थोडे टोचत असे. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रांतला सामान्य माणूस वर्षानुवर्षे एक अक्षर न बोलता सगळे पाहत उभा राहिला, त्याच जातीचे हे हसू होते.

नव्या मालिकेत मात्र जवळजवळ प्रत्येक कथानकाच्या शेवटी साई दर्शन हाइट्सचे रहिवासी एकत्र जमतात, कोणीतरी समजुतीचे चार शब्द बोलते, पार्श्वसंगीत मऊ होते आणि सर्वांचे मतपरिवर्तन होते. विषय महत्त्वाचे निवडतात, हे मान्य. मुलींशी मोकळेपणाने बोलणे, मुलांवरचा अभ्यासाचा ताण, ज्येष्ठांचे एकाकीपण हे सर्व घराघरांत पोहोचले हेही चांगलेच झाले. पण तिला विनोदी मालिका म्हणण्यापेक्षा हलकीफुलकी कौटुंबिक मालिका म्हणणे योग्य ठरेल. प्रेक्षकांनी स्वीकारले ते एका प्रेमळ नव्या कुटुंबाला. जुने वागळे त्या घरात खुर्चीवर बसून पेपर वाचत असतात, इतकेच.

आणखी एक मराठी तक्रार नोंदवून ठेवतो. वागळे हे आडनाव, पात्रे मुंबईची, एका प्रमुख भूमिकेत माणिक वर्मांची कन्या भारती आचरेकर, निर्मितीत दुर्गा खोटे यांचे नाव. इतके सारे असूनही हे घर आपल्याला नेहमी हिंदीतूनच भेटले. मूळ मालिका राष्ट्रीय वाहिनीसाठी होती, तेव्हा ते ओघाने आलेच. दुसऱ्या वेळी तरी मराठीत समांतर आवृत्ती करून पाहायला हरकत नव्हती.

तिसरी घंटा

रंगभूमीवर पुनरुज्जीवन ही रोजची बाब आहे. एकच नाटक तीन पिढ्यांचे नट करतात, प्रेक्षक तुलना करतात, भांडतात, आणि तिकीटही काढतात. दूरचित्रवाणीच्या विनोदाला हे का साधत नाही, असा प्रश्न मला पडतो.

उत्तर बहुधा असे आहे की नाटकात पात्र आधी संहितेत जन्म घेते, तर मालिकेत ते नटाच्या अंगावरच वाढते. चिमणरावांचे उदाहरण घ्या. चिं. वि. जोशी यांच्या कथांमधून वाचकांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ आधी मनात पाहून ठेवले होते. १९४० च्या ‘लग्न पहावे करून’ या चित्रपटात ते पडद्यावर आले. पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनने मालिका केली तेव्हा दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना लोकांनी असे काही आपलेसे केले की आज अनेकांना चिमणराव म्हणजे प्रभावळकरच आठवतात. पात्र पुस्तकाच्या मालकीचे होते, म्हणून ते हस्तांतरित होऊ शकले.

माया साराभाई मात्र रत्ना पाठक शाह यांच्या स्वरातून वेगळी काढता येत नाही. ‘मिडल क्लास’ या दोन शब्दांच्या आधी ती जे एकेक वजनदार इंग्रजी क्रियाविशेषण लावते, त्यात शब्दाइतकाच त्याच्या आधीचा अर्ध्या श्वासाचा थांबा महत्त्वाचा असतो. त्या थांब्यात मोनिशाच्या चेहऱ्यावर संकट येताना दिसते, साहिल डोळे मिटतो, आणि सोफ्यावर बसलेला इंद्रवदन हातातले वर्तमानपत्र किंचित खाली करतो, कारण त्याला पुढच्या खेळाचा वास लागलेला असतो. चार नटांनी मिळून तोललेली ही वेळ आहे. मंचावर ती तालमीत सापडते; मालिकेत ती दीड वर्ष आठवड्यामागून आठवडे एकत्र काम करून सापडलेली होती. अकरा वर्षांनी तेच चौघे एका खोलीत आले म्हणजे ती आपोआप परत येईल, हा भाबडेपणा आहे. दुसऱ्या पर्वाचे शेवटचे दोन-तीन भाग मला पहिल्या भागांपेक्षा बरे वाटले, ते यामुळेच असावे. त्यांना आणखी वीस भाग मिळाले असते तर आजची चर्चा कदाचित वेगळी झाली असती.

गच्चीवरचा

उत्तररंग यांचा सिद्धान्त ‘खिचडी’पाशी अडतो. २००२ मध्ये स्टार प्लसवर सुरू झालेली ही मालिका, नंतर तिचे ‘इन्स्टंट’ रूप, २०१० मध्ये चित्रपट, २०१८ मध्ये पुन्हा मालिका, २०२३ मध्ये पुन्हा चित्रपट. प्रफुल, हंसा, बाबूजी, जयश्री, हिमांशू यांच्या आयुष्यात वीस वर्षांत तसूभर फरक पडलेला नाही. हंसा अजून प्रफुलला इंग्रजी शब्दांचे अर्थ विचारते आणि तो तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचे सांगतो. मधल्या वर्षांचा कोणताही हिशेब कोणी दिला नाही आणि कोणी मागितलाही नाही.

हंसा करणाऱ्या सुप्रिया पाठक आणि माया करणाऱ्या रत्ना पाठक शाह या सख्ख्या बहिणी, दोन्ही मालिका एकाच संस्थेच्या, लेखकही तेच. तरीही एकीला काळाचे बंधन नाही आणि दुसरीला आहे. याचे उत्तर धागाकर्त्यांनी द्यावे.

पडद्यामागची

मी काही वर्षे मालिकांच्या लेखन-विभागात काम केले आहे. कुठे आणि कोणासाठी ते बाजूला ठेवते. चाहते पात्रांविषयी बोलतात तेव्हा त्यांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे भागांची संख्या.

दूरदर्शनच्या प्रायोजित मालिकांना तेरा-तेरा भागांच्या तुकड्यांत मंजुरी मिळत असे. आठवड्याला एक भाग, म्हणजे तेरा कल्पना, आणि त्या तेरा निवडण्यासाठी लेखकाकडे महिनोन्‌महिने असत. ‘साराभाई’ची पहिली आवृत्ती नोव्हेंबर २००४ ते एप्रिल २००६ या काळात स्टार वनवर साप्ताहिकच होती; दीड वर्षात सत्तरच्या आसपास भाग झाले. नवीन ‘वागले’ आठवड्यातून पाच-सहा दिवस दाखवली जात होती. वर्षाला अडीचशे-तीनशे भाग लिहायचे असतील तर कोणताही लेखकसंघ निव्वळ विनोदावर तग धरू शकत नाही. विनोदी प्रसंग पानापानाला संपतो. भावनिक प्रसंग तीन दिवस ताणता येतो. जुना प्रेक्षक यांना जी शिकवण खटकते ती लेखकांची नीतिमत्ता नसून वेळापत्रकाची गरज आहे. एखादा सामाजिक प्रश्न घेतला की सोमवार ते शनिवारची सोय होते.

इंटरनेटवरील मालिकांची अडचण उलट आहे. तिथे भाग कमी, वेळेचे बंधन सैल आणि शब्दांवरचा पहाराही सैल. बावीस मिनिटांत संपणारा प्रसंग अठ्ठावीस मिनिटे चालला तरी कोणी थांबवत नाही, आणि दूरचित्रवाणीवर ज्या सूचक वाक्यासाठी लेखकाने वाट वाकडी केली असती ते वाक्य सरळ लिहिता येते. इंद्रवदनचा चावटपणा पहिल्या आवृत्तीत नेहमी आडवळणाने यायचा, म्हणून मायाने तो न समजल्यासारखे दाखवणे शोभायचे. दुसऱ्या पर्वातील काही द्व्यर्थी वाक्ये इतकी उघड होती की माया ती ऐकून खोलीत थांबलीच कशी, असा प्रश्न पडतो. चाहत्यांच्या नाराजीत या मोकळिकीचा वाटा मोठा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘ऑफिस ऑफिस’चेही पाहा. २००१ मध्ये सुरू झालेली ही मालिका पंकज कपूर यांच्या मुसद्दीलालला दर वेळी एका नव्या खात्यात पाठवायची आणि तेच पाच कर्मचारी वेगळ्या खुर्च्यांवर बसलेले असायचे. आसावरी जोशींच्या उषाजींचे ते ‘वही तो’ आठवत असेलच. ‘नया ऑफिस ऑफिस’ने ती चौकट बरीचशी पेलली, २०११ च्या चित्रपटात मात्र ती विरघळली, कारण छोट्या कामासाठी मारलेल्या खेपांमधला विनोद दोन तासांच्या कथानकात पसरवला की त्यातली चिडचिड पातळ होते.

उत्तररंग

गच्चीवरचा यांचा आक्षेप रास्त आहे आणि त्यावर विचार करून लिहितो आहे.

‘खिचडी’तील पारेख कुटुंब कोणत्याही काळात राहत नाही. त्यांच्या मूर्खपणाला मुंबई लागत नाही, वर्ष लागत नाही, शेजारीसुद्धा नावापुरताच लागतो. त्या घराचे नियम घरातच ठरतात, म्हणून ते कुठेही उचलून ठेवता येते. साराभाई मात्र बाहेरच्या जगाकडे सतत बघत असतात. मायाला नेहमी भीती असते की लोक काय म्हणतील. आणि ते ‘लोक’ म्हणजे दक्षिण मुंबईतील एक ठराविक वर्ग, त्याच्या समाजसेवी बैठका, त्याची नाट्यप्रेमी मंडळी, त्याचे खाण्यापिण्याचे शिष्टाचार. समाजाकडे बघणाऱ्या विनोदाला समाज बदलला की स्वतः बदलावे लागते. वागळेही समाजाकडे बघणारेच होते, म्हणून त्यांना पिढी पुढे न्यावी लागली. तेव्हा माझे विधान एवढ्यापुरते आवळतो की हा हिशेब वास्तवाशी सौदा केलेल्या मालिकांनाच द्यावा लागतो. प्रहसनाला तो माफ आहे.

पडद्यामागची यांनी भागसंख्येचा मुद्दा मांडला तो मला सुचला नव्हता. त्यातून ‘तारक मेहता’चेही कोडे सुटते. २००८ पासून ती थांबलीच नाही; माणसे बदलत गेली, एकाच भूमिकेत दुसरे चेहरे आले, आणि चाहते रोज तक्रार करीत रोज पाहत राहिले. जी कधी संपलीच नाही तिचे पुनरागमन तरी काय करणार!

न्यू जर्सीकर

आमच्याकडचे एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. ‘फ्रेझर’ ही मालिका १९९३ ते २००४ अशी अकरा पर्वे चालली. सिअॅटलच्या रेडिओवर लोकांना सल्ले देणारा उच्चभ्रू मानसोपचारतज्ज्ञ फ्रेझर, त्याच्यासारखाच नखरेल धाकटा भाऊ नाइल्स आणि या दोघांचा सरळसोट, निवृत्त पोलीस असलेला बाप मार्टिन. इथे साराभाईंची आठवण आल्याशिवाय राहत नाही. फ्रेझरच्या सुबक दिवाणखान्यात बापाने आणून ठेवलेली चिकटपट्ट्या लावलेली आरामखुर्ची म्हणजे मायाच्या घरातली मोनिशाच म्हणायची.

२०२३ मध्ये फ्रेझर रंगवणारे केल्सी ग्रॅमर यांनी त्याला परत आणले, तोही बॉस्टनमध्ये. बापाची भूमिका करणारे जॉन महोनी २०१८ मध्ये वारले होते आणि नाइल्स करणाऱ्या डेव्हिड हाइड पिअर्स यांनी परत न येण्याचे ठरवले होते. लेखकांनी अक्कलहुशारीने नाते उलटे केले. आता फ्रेझरच बाप, आणि मुलगा फ्रेडी हार्वर्ड सोडून अग्निशमन दलात गेलेला. उत्तररंग यांच्या कसोटीनुसार हे सर्व बरोबर होते: पिढी पुढे सरकली, वर्षांचा हिशेब मिळाला, प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर चित्रीकरण करण्याची जुनी पद्धतही राखली. तरीही दोन पर्वांनंतर, जानेवारी २०२५ मध्ये ती बंद झाली.

इथल्या चाहत्यांची तक्रार एकाच जागी येऊन थांबत होती, आणि ती जागा नाइल्सची होती. दोन भावांची एकमेकांवर कुरघोडी हे त्या मालिकेचे इंजिन होते. पुतण्या, मित्र, सहकारी अशी तीन-चार माणसे मिळून ती जागा भरायचा प्रयत्न झाला, परंतु फ्रेझरला तोडीस तोड उत्तर देणारे कोणी उरले नव्हते. त्यामुळे मला वाटते की काळाच्या हिशेबाआधी जोडी पाहावी. वागळे परतले तेव्हा अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर दोघेही होते. त्यांतले एकच असते तर?

अंगणवेल

जोडीचा मुद्दा निघाला म्हणून एक सुचवते. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ परत आणावी अशी मागणी दर काही महिन्यांनी कुठे ना कुठे होते आणि मीही ती करणाऱ्यांपैकी आहे. २००१ मध्ये अल्फा मराठीवर ती सुरू झाली तेव्हा दिलीप प्रभावळकर साठीच्याही आत होते आणि नातवंडे असलेले आबा रंगवत होते. आज ते आबांच्या वयाच्याही पुढे गेले आहेत. नट वयाने पात्रापर्यंत पोहोचल्यानंतर होणारे पुनरागमन मला तरी दुसरे आठवत नाही. बाकी सगळीकडे नट पात्राच्या पुढे निघून गेल्याचीच अडचण असते.

शिवाय त्या मालिकेचा कणा आबांची अनुदिनी हा होता. घरात काहीतरी क्षुल्लक घडायचे, शेखर आणि श्यामला त्यात गुंतायचे, शिऱ्या आणि शलाका त्यात भर घालायची, आणि रात्री आबा त्याची चार ओळींत नोंद करायचे. रोजनिशीला वर्षे लोटण्याची भीती नसते. शिऱ्याची मुले आता मोबाइल घेऊन आबांच्या खोलीत शिरतील, एवढेच. फक्त ती रोजच्या रोज दाखवू नये. केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ती मालिका आठवड्यातून एकदा यायची, आणि पडद्यामागची म्हणतात तसे, तिची चव त्या मापामुळेच टिकली होती.

जुना प्रेक्षक

अंगणवेल, तुमची कल्पना मोहक आहे, पण माझे मत विरोधात नोंदवा. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘देख भाई देख’ पुन्हा दाखवली आणि घरातल्या तरुण मुलांनी ती आमच्याबरोबर बसून पाहिली. पुनर्निर्मितीपेक्षा पुनःप्रक्षेपण स्वस्त, निर्धोक आणि मूळ कलाकृतीशी प्रामाणिक असते. टिपरे आहेत तसेच चांगल्या प्रतीत उपलब्ध करून द्यावेत. माझी मागणी एवढीच.

तिसरी घंटा

‘साराभाई’तील इंद्रवदन रंगवणारे सतीश शाह ऑक्टोबर २०२५ मध्ये गेले. त्यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी सहकलाकारांनी मालिकेचे शीर्षकगीत म्हटले, आणि त्यानंतर तिसरे पर्व येऊ नये असे म्हणणारे व आदरांजली म्हणून एक तरी भाग व्हावा असे म्हणणारे, असे चाहत्यांत दोन तट पडलेले मी पाहिले. न्यू जर्सीकरांनी सांगितलेल्या मालिकेत यावर काय तोडगा काढला होता, ते त्यांनी लिहावे.

न्यू जर्सीकर

तिथे मार्टिनच्या मृत्यूनंतरच कथानक सुरू होते. ग्रॅमर यांनी दुसऱ्या नटाला त्या भूमिकेत आणले नाही, आणि नव्या मालिकेतील मंडळी ज्या पबमध्ये जमतात त्याचे नाव ‘महोनीज’ ठेवले. नटाचे आडनाव, पात्राचे नव्हे. ज्यांना माहीत आहे त्यांना ते कळते, इतरांसाठी ती नुसती पाटी असते.

पडद्यामागची

तिसरे पर्व आलेच तर इंद्रवदनची जागा रिकामी ठेवून चालणार नाही, कारण मायाचा तोरा आणि रोसेशची कविता दोन्ही त्याच्या टोमण्यांवर उभी होती. दुसऱ्या नटाला ती भूमिका देणे तर अशक्यच. मी लिहीत असते तर साहिलला त्या खुर्चीत बसवले असते. आयुष्यभर आई आणि बायको यांच्यामध्ये पंच म्हणून उभा राहिलेला, बापाच्या खोड्यांना कपाळावर आठ्या घालणारा हा शहाणा डॉक्टर मुलगा एके दिवशी स्वतःच रोसेशची खोड काढून बसतो आणि त्याला आपलाच आवाज ऐकून धक्का बसतो, इथून पहिला भाग सुरू करता येईल. सुमीत राघवन यांनी मधल्या पिढीचा कर्ता हजार भाग निभावून दाखवला आहे.

गच्चीवरचा

तो भाग मी पाहीन. पण साहिलने खोड्या काढायला सुरुवात केली तर मोनिशा आणि माया एका बाजूला येतील, आणि मग भांडणार कोण?